जलतरण तलावात अर्थिंगबरोबर बॉण्डिंगचीही तपासणी व्हावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळा तोंडावर आला की नाशिकमधील जलतरण तलावांविषयी दरवर्षी ठरावीक चर्चा सुरू होते. पाणी स्वच्छ आहे का, क्लोरीन किती टाकतात, जीवरक्षक हजर असतो का, उथळ भाग नेमका कुठे संपतो, हे प्रश्न पालक विचारतात आणि ते विचारलेच पाहिजेत. मात्र आता तलाव पूर्वीसारखे राहिलेले नाहीत. एकेकाळी पोहायला जायचे म्हणजे त्र्यंबक रोडवरचा महापालिकेचा सावरकर तलाव, नाहीतर थेट गोदावरीचे पात्र. आज गंगापूर रोड, इंदिरानगर, पाथर्डी फाटा या भागांतील गृहसंकुलांत, गंगापूर धरणाच्या आसपासच्या फार्महाऊसमध्ये आणि इगतपुरी-घोटीकडे दिवसाच्या भाड्याने मिळणाऱ्या बंगल्यांत खासगी तलाव झाले आहेत. त्यांना गाळणीचा पंप आहे, पाण्याखाली रंगीत दिवे आहेत, कुठे कृत्रिम धबधबा आहे, कुठे पाणी गरम करण्याची व्यवस्था आहे. हे सगळे विजेवर चालते आणि ज्या पाण्यात मुले उतरतात त्याच पाण्याशी या सगळ्यांचा संबंध येतो. तरीही विजेच्या सुरक्षिततेबद्दल विचारले, तर बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळते : ‘अर्थिंग केलेले आहे.’

विद्युत पर्यवेक्षक म्हणून या कामात बरीच वर्षे घालवल्यानंतर हे उत्तर अपुरे आहे, असे मला जबाबदारीने सांगावेसे वाटते. अर्थिंग हवेच; पण तलावाच्या बाबतीत तेवढ्यावर भागत नाही. तलावाच्या काँक्रीटमधील सळया, शिडी, कठड्याचे पाइप, दिव्यांची धातूची घरे, पंपाचे अंग आणि काठावरची फरशीखालची जाळी हे सर्व तांब्याच्या तारेने एकमेकांना पक्के जोडावे लागते. या समविभव जोडणीला आमच्या व्यवसायात बॉण्डिंग म्हणतात. ती बहुतेक ठिकाणी वगळली जाते, आणि ती नीट करण्याची वेळ काँक्रीट ओतण्याआधी एकदाच येते, म्हणून हे पत्र.

पाण्यातल्या माणसाला विजेचा धोका इतका वेगळा का, हे आधी समजून घ्यायला हवे. कोरड्या त्वचेचा रोध काही हजार ओहम असतो आणि तो आपल्याला बऱ्याच अंशी वाचवतो. अंग पूर्ण भिजले की हा रोध पाचशे ते हजार ओहमवर येतो. कॅलिफोर्निया विद्यापीठातील चार्ल्स डॅलझील यांनी स्वयंसेवकांवर केलेल्या प्रयोगांत, हातात धरलेली वीजवाहक वस्तू माणसाला स्वतःहून सोडता येण्याची मर्यादा पुरुषांसाठी सरासरी १६ मिलिअँपिअर आणि स्त्रियांसाठी साधारण साडेदहा मिलिअँपिअर आढळली. मुलांच्या बाबतीत ती याहून कमीच धरली पाहिजे. जमिनीवर एवढ्या प्रवाहाने माणूस हादरतो, ओरडतो, कुणीतरी धावून येऊन स्विच बंद करते. पाण्यात मात्र हातपाय आखडले की पोहणे थांबते, तोंड पाण्याखाली जाते आणि ओरडायलाही अवसर मिळत नाही. हृदय बंद पाडण्याइतका प्रवाह लागतच नाही. भिजलेल्या शरीराचा रोध पाचशे ओहम धरला, तर पाणी आणि शिडी यांच्यात केवळ १५ व्होल्टचा फरक असला तरी ३० मिलिअँपिअर प्रवाह वाहू शकतो. घरातील पुरवठ्याच्या २३० व्होल्टच्या मानाने हा आकडा किती लहान आहे, हे वाचकांनी लक्षात घ्यावे. शिवाय अशा मृत्यूत अंगावर भाजल्याच्या खुणा बहुधा राहत नाहीत. त्यामुळे पोहता येणारा धडधाकट मुलगा बुडाला, एवढीच नोंद होऊन विजेची शंकादेखील कुणाला न येण्याचा संभव असतो.

आता अर्थिंगकडे वळतो. पंपाच्या मोटारीत दोष निर्माण होऊन तिचे अंग विद्युतभारित झाले, तर अर्थच्या तारेतून एवढा मोठा प्रवाह वाहावा की एमसीबी (प्रवाह मर्यादेबाहेर गेला की आपोआप पडून पुरवठा तोडणारा स्विच) तत्काळ पडावा, ही अर्थिंगमागची अपेक्षा असते. अर्थ पिटचा (अर्थची तार जिथे जमिनीत नेऊन पुरतात त्या खड्ड्याचा) रोध ५ ओहम आणि ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलच्या अर्थिंगचा रोध २ ओहम आहे, असे धरू. परतीचा मार्ग फक्त जमिनीतून असेल, तर २३० भागिले ७, म्हणजे सुमारे ३३ अँपिअर प्रवाह वाहील. पंपासाठी सर्रास बसवला जाणारा सी प्रकारचा २० अँपिअरचा एमसीबी तत्क्षणी पडायला त्याच्या पाच ते दहा पट, म्हणजे १०० ते २०० अँपिअर लागतात. ३३ अँपिअरवर तो हळूहळू तापून पडेल आणि त्याला काही मिनिटेही लागू शकतील. तेवढा वेळ पंपाच्या अंगावर ३३ गुणिले ५, म्हणजे जवळपास १६५ व्होल्ट उभे राहतील, आणि अर्थच्या तारेने पंपाशी जोडलेल्या प्रत्येक धातूवर तेवढाच विद्युत दाब (व्होल्टेज) येईल. ५ ओहमचा पिट वाईट मुळीच नाही, अनेक ठिकाणी तर तेवढाही मिळत नाही. म्हणूनच पिट आहे, अर्थिंग आहे, असे म्हणून स्वस्थ बसता येत नाही.

त्यातच अर्थिंग तपासण्याची आपल्याकडची रूढ पद्धत फसवी आहे. होल्डरला दोन तारा लावलेला शंभर वॅटचा बल्ब घ्यायचा, एक तार फेजला, दुसरी अर्थला लावायची आणि बल्ब लख्ख पेटला की ‘अर्थिंग ओके’ म्हणून काम संपवायचे, हे मी गृहसंकुलांत आणि हॉटेलांत वारंवार पाहिले आहे. शंभर वॅटच्या बल्बचा स्वतःचा रोध सुमारे ५३० ओहम असतो. पिटचा रोध ५० ओहम, म्हणजे संरक्षणाच्या दृष्टीने निरुपयोगी असला, तरी बल्बला २१० व्होल्ट मिळतात आणि तो डोळ्यांना तितकाच तेजस्वी दिसतो. त्याच पिटमधून प्रत्यक्ष दोषाच्या वेळी मात्र जेमतेम साडेचार अँपिअर जातील आणि कोणताही एमसीबी हलणार नाही. अर्थ टेस्टरने मोजलेला आकडा तारखेसह लिहून ठेवणे हीच खरी तपासणी.

नाशिकच्या जमिनीचाही येथे विचार करावा लागतो. आपल्याकडे वर काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि मग काळा पाषाण, अशी सर्वसाधारण रचना आहे. काळी माती ओली असताना वीज चांगली वाहून नेते. पण मार्चनंतर ती सुकते, आकसते, तिला भेगा पडतात आणि ती पिटमध्ये पुरलेल्या धातूच्या इलेक्ट्रोडपासून सुटते. खडकात घेतलेल्या पिटचा रोध तर मुळातच जास्त असतो. पावसाळ्यानंतर मोजलेला चांगला आकडा एप्रिल-मेमध्ये टिकेलच असे नाही, आणि तलावांवर सर्वांत जास्त गर्दी असते ती नेमकी याच महिन्यांत. म्हणून पिटची मोजणी उन्हाळ्यात व्हायला हवी आणि पिटला पाणी घालण्याचे काम कुणाचे, हे नावानिशी ठरलेले असावे. ते माळ्याचे, वॉचमनचे की पंप चालवणाऱ्याचे, या घोळात पिट कोरडाच राहतो.

एमसीबीची ही उणीव आरसीसीबी भरून काढतो. फेजमधून गेलेला प्रवाह आणि न्यूट्रलमधून परत आलेला प्रवाह यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की तो ३०० मिलिसेकंदांच्या आत पुरवठा तोडतो आणि गळती मोठी असेल तर याहूनही लवकर. तलावाच्या प्रत्येक मंडलावर (सर्किटवर) ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असलाच पाहिजे, याविषयी दुमत नसावे. परंतु तो बसवलेला असणे आणि चालू असणे यांत फरक आहे. एका संकुलाच्या पंप रूममध्ये पॅनेल उघडले तेव्हा आरसीसीबी जागेवर होता, पण आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या टर्मिनलांना दोन जाड तारांनी परस्पर जोडून तो निकामी केलेला होता. टेस्टचे बटण दाबले, खटका पडला आणि पंप मात्र चालूच राहिला. ‘साहेब, पावसाळ्यात सारखा पडायचा, मेंबर लोक ओरडायचे,’ असे पंप चालवणाऱ्याने सांगितले. त्याच खोलीत, पॅनेलपासून हातभर अंतरावर, पाण्याचा पीएच उतरवण्यासाठी आणलेल्या ॲसिडचे कॅन झाकण सैल ठेवून उभे केलेले होते. त्या वाफेने अर्थच्या तांब्याच्या तारेवर हिरवट पापुद्रा चढला होता आणि तारेच्या टोकाचा लग (जोडणीचा धातूचा तुकडा) बोटाने हलवला तर फिरत होता. आरसीसीबी सारखा पडत होता, कारण पंपाचे मेकॅनिकल सील गळून पाणी मोटारीत शिरत होते. म्हणजे तो आपले काम चोख करत होता आणि इशारा देणाऱ्यालाच गप्प करण्यात आले होते. दोष त्या कामगाराचा मी मानत नाही. त्याला हे कुणी समजावलेच नव्हते आणि सील बदलण्याचा खर्च मंजूर करणे त्याच्या हाती नव्हते. ॲसिड आणि हायपोक्लोराइट यांची साठवण पॅनेलच्या खोलीत नको, एवढा साधा नियम पाळला तरी जोडण्यांचे आयुष्य कितीतरी वाढेल.

मात्र उत्तम स्थितीतील आरसीसीबीलाही एक मर्यादा आहे, आणि बॉण्डिंगची खरी गरज तिथेच दिसते. आरसीसीबी फेज आणि न्यूट्रल तोडतो, अर्थची तार तोडत नाही. गृहसंकुलात लिफ्ट, बोअरवेलचा पंप, जनरेटर आणि तलाव यांचे अर्थिंग बहुधा एकमेकांना जोडलेले असते आणि ते तसेच असायला हवे. आता दोष लिफ्टच्या मोटारीत झाला, तर संकुलाच्या सबंध अर्थिंगचा दाब काही काळ वाढतो आणि तो अर्थच्या तारेतून तलावाच्या पंपापर्यंत, कठड्यापर्यंत, शिडीपर्यंत पोहोचतो. पुरवठ्याच्या न्यूट्रलची जोडणी सैल झाली आणि तो कुठेतरी अर्थशी जोडलेला असला, तरीही असेच घडू शकते. तलावाचा आरसीसीबी यातले काहीच ओळखत नाही, कारण गळती त्याच्या मंडलात नाहीच. तलावाचा मेन स्विच बंद केला तरी तो दाब जात नाही. ‘सगळे बंद आहे, तरी शिडीला हात लावला की मुंग्या येतात,’ अशी तक्रार येते तेव्हा ती मनाचा खेळ म्हणून झटकून टाकण्याआधी हे कारण तपासले पाहिजे.

बॉण्डिंगचा उद्देश प्रवाह जमिनीत पोहोचवणे हा नसून, माणसाला एकाच वेळी स्पर्श करता येईल अशा कोणत्याही दोन ठिकाणी दाबाचा फरकच राहू न देणे हा आहे. गच्चीवरच्या दोन टाक्या खालून नळीने जोडल्या की दोन्हींतील पाणी एकाच पातळीला राहते, पातळी चढली तर दोन्हींची चढते आणि त्यांच्यात पाणी वाहत राहत नाही. बॉण्डिंगने जोडलेल्या धातूंचे असेच होते. बाहेरून ३० व्होल्ट आले, तर शिडी, सळया, काठाची जाळी आणि पाणी या सर्वांवर ३० व्होल्ट येतात, आणि त्यांच्यामध्ये असलेल्या माणसातून प्रवाह वाहायला कारणच उरत नाही.

काही ठेकेदार तलावातील दिव्यांसाठी ‘स्पेशल’ म्हणून बाकीच्यांशी न जोडलेला स्वतंत्र अर्थ पिट घेतात. ही त्यांची प्रामाणिक समजूत असते, पण ती धोकादायक आहे. जोडणी नसलेले दोन पिट दोषाच्या वेळी दोन वेगळ्या दाबांवर असतात, म्हणजे जो फरक मिटवायचा तोच आपण पैसे खर्चून तयार करतो. पिट कितीही घ्या, ते सर्व एकमेकांना आणि तलावाच्या बॉण्डिंगला जोडलेले असले पाहिजेत.

हे काम प्रत्यक्षात असे करतात. तलावाच्या तळाच्या आणि भिंतींच्या सळया बांधून झाल्या की, काँक्रीट ओतण्यापूर्वी, वेगवेगळ्या बाजूंनी क्लॅम्प लावून तांब्याची तार सळयांना जोडली जाते आणि तिची टोके शिडीच्या खोबणीपर्यंत, दिव्यांच्या घरांपर्यंत आणि पंप रूमपर्यंत बाहेर काढून ठेवली जातात. काठाच्या फरशीखाली जाळी असेल तर तीही याच तारेला जोडतात, कारण ओल्या पायांनी काठावर उभे राहून पाण्यात हात घालणारे मूलही तितक्याच धोक्यात असते. अमेरिकेच्या विद्युत संहितेत तलावाभोवतीचा सुमारे एक मीटरचा पट्टा बॉण्डिंगमध्ये घ्यावा, तार साधारण साडेआठ चौरस मिलिमीटरच्या अखंड तांब्याची असावी, आणि तलाव फायबरचा असून पाण्याला धातूचा स्पर्शच होत नसेल तर पाण्यात ठरावीक आकाराचा धातूचा भाग ठेवून तोही जोडावा, इतक्या बारकाईने लिहिलेले आहे. आंतरराष्ट्रीय मानकानुसार पूरक बॉण्डिंगच्या तारेला बाहेरून यांत्रिक संरक्षण नसल्यास ती किमान ४ चौरस मिलिमीटरची लागते. सळयांत गाडली जाणारी तार पुन्हा बदलता येणार नाही, म्हणून मी स्वतः १० चौरस मिलिमीटरचा आग्रह धरतो. सबंध तलावाच्या खर्चात या तारेचा आणि क्लॅम्पचा खर्च नगण्य असतो. एकदा काँक्रीट पडून टाइल बसल्या की तेच काम करायला काठ फोडावा लागतो, आणि सळयांपर्यंत पोहोचणे तर फार अवघड होऊन बसते.

तलावांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकाने, म्हणजे आयईसी ६०३६४ च्या भाग ७०२ ने, तलावाचे तीन विभाग केले आहेत. पाण्याचा भाग हा शून्य विभाग. काठापासून दोन मीटर अंतरापर्यंत आणि अडीच मीटर उंचीपर्यंत पहिला विभाग, आणि त्यापुढचे दीड मीटर हा दुसरा. पाण्यातील दिव्यांना १२ व्होल्टपेक्षा जास्त एसी पुरवठा देता येत नाही, आणि तो देणारा सुरक्षा ट्रान्सफॉर्मर तिन्ही विभागांच्या बाहेर ठेवावा लागतो. हा ट्रान्सफॉर्मर दोन वाइंडिंग पूर्णपणे वेगळी असलेलाच हवा. दिवा १२ व्होल्टचा आहे एवढ्यावर समाधान मानू नये, तो १२ व्होल्ट कशातून येतो हे पाहावे. जुन्या तलावांत २३० व्होल्टवर चालणारे पाण्याखालचे दिवे अजून असतील, तर ते आजच बंद करावेत. एवढ्या एका बाबतीत दुरुस्तीची वाट पाहण्याचेही कारण नाही.

भाड्याच्या बंगल्यांत तर या विभागांचा विचार कुणाच्या गावीही नसतो. वाढदिवसाची पार्टी तलावाकाठी असते, एक्स्टेन्शन बोर्ड लॉनवरून ओढून आणलेला असतो, त्यावर स्पीकर, उभा पंखा आणि मोबाइलचे चार्जर लावलेले असतात, आणि त्याच्या शेजारून ओल्या अंगाची मुले पळत असतात. काठापासून साडेतीन मीटरच्या आत, म्हणजे मोठ्या माणसाच्या साधारण पाच पावलांत, बोर्ड येऊ देऊ नये, हे बंगल्याच्या चालकाने स्विमिंग कॉश्च्यूमच्या सक्तीइतक्याच ठामपणे सांगायला हवे.

हा विषय शहरापुरता नाही. निफाड, दिंडोरी, पिंपळगाव भागांत द्राक्षबागांसाठी प्लास्टिकच्या कागदाची शेततळी जागोजागी आहेत आणि उन्हाळ्यात गावातली मुले त्यांत उतरतातच. निसरड्या कागदामुळे बाहेर येता येत नाही, हा धोका आता सर्वांना ठाऊक झाला आहे. विजेचा धोका मात्र लक्षात येत नाही. प्लास्टिकच्या कागदामुळे तळ्यातले पाणी जमिनीपासून जवळजवळ तुटलेले असते. पाण्यात सोडलेल्या मोटारीची केबल सोलली गेली आणि मोटारीला अर्थची तार नसली, तर गळतीला जमिनीकडे जायला वाट मिळत नाही, पाणी विद्युतभारित होऊन तसेच राहते आणि मोटार बिनतक्रार चालू असते. पाण्यातून जमिनीकडे जाणारी पहिली वाट बनतो तो काठावरून पाण्यात हात घालणारा किंवा ओल्या अंगाने काठ धरणारा माणूस. स्टार्टरच्या पेटीत आरसीसीबी क्वचितच असतो. शेततळ्याच्या मोटारीला अर्थची तार, स्टार्टरला आरसीसीबी, आणि पाण्यात उतरण्यापूर्वी मेन बंद, एवढे तरी तातडीने व्हावे. केबलला पाण्याच्या आत सांधा देऊन त्यावर टेप गुंडाळण्याची सवय तर पूर्णपणे सुटली पाहिजे.

आधीच बांधलेल्या तलावांसाठी मार्ग नाही, असे नाही. शिडी, कठडे, दिव्यांची घरे, पंप आणि फिल्टरचे धातूचे भाग हे उघडे असतात, ते तारेने एकत्र जोडता येतात. काठाची फरशी कधीतरी बदलावी लागतेच, त्या वेळी तिच्याखाली जाळी किंवा तलावाभोवती फिरणारी तांब्याची तार टाकून घेता येते. त्याआधी कमी रोध मोजणाऱ्या मीटरने शिडी ते पंप, शिडी ते कठडा, कठडा ते दिवा अशी जोडणी तपासावी. मोटारीचे इन्सुलेशन मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या उपकरणाने) पाहावे आणि आरसीसीबी केवळ बटण दाबून न सोडता तो किती मिलिसेकंदांत पडतो, हे उपकरणाने मोजावे. एका तलावासाठी हे अर्ध्या दिवसाचे काम आहे.

नाशिक महापालिकेला आणि जिल्हा प्रशासनाला माझी विनंती आहे की, तलावाचा समावेश असलेल्या बांधकामाला परवानगी देताना, काँक्रीट ओतण्यापूर्वी बॉण्डिंगची पाहणी आणि तिची छायाचित्रे दाखल करण्याची अट घालावी. परवानाधारक विद्युत ठेकेदाराच्या चाचणी अहवालात अर्थिंगच्या आकड्यांबरोबर बॉण्डिंगचेही आकडे मागावेत आणि ते नसतील तर पूर्णत्वाचा दाखला रोखून धरावा. सार्वजनिक आणि व्यावसायिक तलावांची तपासणी दरवर्षी हंगामाआधी व्हावी आणि तिचा निकाल पाण्याच्या पीएचच्या फळ्याशेजारी लावावा, म्हणजे पालकांना तो वाचता येईल. महापालिकेने याची सुरुवात स्वतःच्या तलावांपासून केली, तर खासगी तलावचालकांना कारण सांगायला जागा उरणार नाही. पर्यटनाच्या नावाखाली भाड्याने दिल्या जाणाऱ्या बंगल्यांची नोंद करताना हाच अहवाल मागणे अवघड नाही. शासनाच्या विद्युत निरीक्षक कार्यालयाकडे याबाबतचे कायदेशीर अधिकार आहेत. विद्युत कायदा, २००३ च्या कलम १६१ नुसार विजेच्या अपघाताची सूचना देणे बंधनकारक आहे. तलावात पंप किंवा दिवे चालू असताना कुणी बुडाले, तर पोलिसांनी विद्युत निरीक्षकांना त्याच दिवशी बोलवावे. जोडण्या कुणी हलवण्यापूर्वी तपासणी झाली, तरच खरे कारण कळेल.

पाण्यात कुणी अचानक ताठरलेले दिसले, किंवा पाण्यात मुंग्या येतात असे कुणी ओरडले, तर वाचवण्यासाठी लगेच पाण्यात उडी मारू नये, कारण वाचवायला गेलेला माणूसही त्याच विळख्यात सापडतो. आधी पंप रूममधील मेन बंद करावा, दोर किंवा कोरडा लाकडी बांबू फेकून माणसाला काठाशी आणावे, धातूच्या शिडीला हात लावू नये, श्वास नसेल तर छातीवर दाब देणे सुरू करून १०८ ला फोन करावा. यासाठी मेन स्विच कुठे आहे हे जीवरक्षकाला माहीत हवे आणि त्या खोलीची किल्ली पोहण्याच्या वेळेत त्याच्याकडेच हवी. बऱ्याच संकुलांत ती सेक्रेटरींच्या घरी असते.

शेवटी, ज्या गृहसंकुलांत किंवा फार्महाऊसवर या आठवड्यात तलावाच्या सळया बांधून झाल्या आहेत आणि काँक्रीटची तारीख ठरली आहे, त्यांच्या मालकांना आणि सभासदांना माझी कळकळीची विनंती आहे : ती तारीख दोन दिवस पुढे ढकला, परवानाधारक माणसाला बोलावून सळयांना तांब्याची तार जोडून घ्या, प्रत्येक क्लॅम्पचे छायाचित्र काढा आणि ती छायाचित्रे सोसायटीच्या दप्तरी ठेवा.

आपला,
एक परवानाधारक विद्युत पर्यवेक्षक,
नाशिक